अचाट, अफाट आणि ‘बरं आहे’

घाटकोपर, ८ जून २०२४

जयू,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता सौरभच्या हातून लिहून घेतलाय. आईसाठी एवढं तरी कर म्हटलं, तेव्हा मोबाइल खाली ठेवून पेन शोधायला गेला बिचारा.

तू माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर तुझ्या फोटोच्या जागी करडा बाहुला दिसायला लागला, त्याचा अर्थ सौरभनेच मला समजावला. घाटकोपरहून नाहूरला मी उठून येऊ शकते, पण तू दार उघडलं नाहीस तर तुझ्या शेजारणींसमोर माझी शोभा होईल, आणि ती मला परवडायची नाही. म्हणून पोस्टाने. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही.

निधीचा हात कसा आहे ते मला कळव. प्लास्टर निघालं हे निलेशने सांगितलं. नवऱ्याला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. कोपर पूर्ण सरळ होतो का? वेणी स्वतःची स्वतः घालते का? तेरा वर्षांच्या पोरीचं हाड चटकन जुळतं म्हणतात, पण म्हणणाऱ्यांचं काय जातं.

आता ज्यासाठी पत्र लिहितेय ते. हॉस्पिटलच्या बाकड्यावर चार माणसांसमोर तू मला म्हणालीस, “ताई, तुझ्या जिभेनं माझ्या पोरीचा हात मोडला.” मी तेव्हा गप्प बसले, कारण आत डॉक्टर तिचा हात बसवत होते. गप्प बसले म्हणजे मला पटलं असं नव्हे.

मी काय केलं गं? माघी गणपतीला आमच्या मंडळात दरवर्षी माइक माझ्याकडे असतो. निधीचं दोरीच्या मल्लखांबाचं प्रात्यक्षिक होतं. पोर सरसर वर गेली, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलटी झाली आणि दोन्ही हात सोडून दिले. मी म्हटलं, “बघा मंडळी, ही आमची निधी. अचाट. अफाट. डोळ्यांवर विश्वास बसू नये अशी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी आणखी बोलले. तिसऱ्या दिवशी ती मुलुंडच्या मैदानावर सरावात पडली. ना मी तिथे होते, ना माझी जीभ. दोरी सुटली, पोर पडली. तिचे विद्याधर सरही हेच सांगतात की घामाने हात सरकला.

पण तुझं म्हणणं की दृष्ट लागली, आणि तीही माझी. सख्ख्या मावशीची. ठीक आहे. तू म्हणतेस तर आजपासून मी कुणालाच चांगलं म्हणणार नाही. आईच्या फोटोसमोर उभं राहून शपथ घेतली आहे. साड्यांच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईने कौतुक सोडायचं म्हणजे वाण्याने तराजू सोडण्यासारखं आहे, पण सोडलं. आता तरी फोन उचल.

तुझी ताई,
कमल

घाटकोपर, २१ ऑगस्ट २०२४

जयू,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की जिन्यात उगाच रेंगाळते.

शपथेचं काय झालं ते ऐक. परवा नारळी पौर्णिमेला समोरच्या पद्मजाने वाटीभर नारळीभात आणून दिला. दरवर्षी देते आणि दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघते. मी एक घास खाल्ला आणि म्हटलं, “बरा आहे.” तिचा चेहरा इतका पडला की काय सांगू. विचारते, गूळ कमी पडला का? म्हटलं, नाही, बरोबर आहे, बरा आहे. संध्याकाळी तिची सून विचारायला आली की आमचं काही चुकलं का. काल जिन्यात पद्मजाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मंडळातही तेच. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती. गायला उभ्या राहिलेल्या मुलाची मी ओळख करून दिली, “आता आपल्यासमोर गातील श्री. अनिरुद्ध. ते गातात.” पुढे काही बोललेच नाही. अनिरुद्ध माइकपाशी येऊन माझ्याकडे बघतोय, पेटीवाला बघतोय. अध्यक्ष बाजूला घेऊन म्हणाले, “कमलताई, तब्येत बरी नसेल तर या वर्षी माइक दुसऱ्या कुणाला देऊया का?” दिला मग.

तुला हसू आलं असेल तर मला आनंद आहे. तुझं हसू मी कित्येक महिन्यांत ऐकलेलं नाही आणि मला त्याची फार आठवण येते.

एकटी बसले की आई आठवते. तिनेही कधी आपल्याला चांगलं म्हटलं नाही, नाही का? तू शाळेत पहिली आलीस, धावत घरी आलीस, तर म्हणाली, “मोठे दिवे लायलंस, आता भांडी घास.” तू मोरीत बसून रडलीस. मी तुला हळूच सांगितलं होतं की आईने कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे आणून फडताळात लपवलेत. तिला वाटायचं, मोठ्याने बोललं की वरून कुणीतरी ऐकतं आणि काढून घेतं. धोंडिराममामाच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून त्याचं नाव धोंडी ठेवलं. दगड कोण नेणार? गावी, कणकवलीकडे, अजून ठेवतात अशी नावं.

भीतीपोटी माणसं असं करतात हे मला कळतं, जयू. तुला पण भीतीच वाटते, दुसरं काही नाही. पण खरं सांगू? मला आता तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली आहे. शपथ घेतल्यापासून मी स्वतःच्याच तोंडावर पहारा ठेवून आहे. सौरभ आंघोळ करून बाहेर आला, गोरापान, उंच, आणि माझ्या मनात नुसतं आलं की किती देखणा दिसतो, तर मी धावत जाऊन मीठमोहऱ्या घेऊन आले. तो म्हणाला, “आई, वेड लागलंय का तुला?” लागलंय बहुतेक. तूच लावलंस.

तुझी ताई,
कमल

घाटकोपर, २२ सप्टेंबर २०२४

जयू,

हे पत्र रागात लिहितेय. आधीच सांगून ठेवते.

निधी काल माझ्याकडे आली होती. पहिल्यांदा नाही. गणपतीच्या आधीपासून दोनतीन शनिवार येते आहे. निलेश तिला माझ्याकडे सोडून साकीनाक्याला कारखान्यात जातो आणि परत जाताना घेऊन जातो. तुला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या दोघांना बोलायचं असेल तर बोल, पण आधी हे पूर्ण वाच.

आजवर ती यायची, जेवायची, सौरभशी भांडायची आणि जायची. मल्लखांबाचा विषय नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, सरांनी दोनदा निरोप पाठवला आणि तू नाही म्हणालीस, एवढं निलेशकडून कळलं होतं. काल मी भाकऱ्या थापत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, “मावशी, खरं सांग. मी चांगली होते का?”

मी विचारलं, कशात?

“दोरीवर. आईला विचारलं तर ती उठून आत जाते. बाबा म्हणतात आईला विचार. आता सोडायचंच असेल तर निदान काय सोडतेय ते तरी कळू दे.”

आणि मी काय म्हटलं असेन? शपथ होती ना माझी. मी म्हटलं, “बरी होतीस.”

जयू, ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने मान हलवली, जणू तिला हे आधीच माहीत होतं, आणि म्हणाली, “मला वाटलंच. तू माइकवर बोललीस ते मावशी म्हणून. साड्यांना पण तू असंच म्हणायचीस.” मग ताट घेऊन बसली आणि मुकाट्याने जेवली.

माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. मला तुझा राग आला, आपल्या आईचा राग आला आणि सगळ्यांत जास्त त्या शपथेचा आला. हात जुळला गं पोरीचा, पण आपण बायकांनी मिळून तिला पुरतं गप्प केलं. तिला दृष्ट लागू नये म्हणून आपण तिला ती कोण आहे हेच सांगितलं नाही.

मी गॅस बंद केला, तिच्यासमोर बसले आणि शपथ मोडली. आईच्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, निधे, ऐक. पंचवीस वर्षं मी साड्या विकल्या. साडीला मी झकास म्हटलं, मस्त म्हटलं, लाखात एक म्हटलं, गिऱ्हाईक उठायला लागलं तर नजर ठरत नाही म्हटलं. सुरेख आणि देखणी तर दिवसाला पन्नास वेळा. पण अचाट असं मी एकाही साडीला म्हटलेलं नाही. पैठणीलासुद्धा नाही. साडी अचाट नसते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि करणारा मजेत असतो, ते अचाट. सरकशीतला झोपाळेवाला अचाट. अफाट त्याहून वेगळं. ज्याचा पल्ला कुठवर जाईल ते दिसत नाही, ते अफाट. गोराईच्या खाडीकडून समुद्र बघितलास ना, तसं. नवल वाटतं ते एक दिवस टिकतं. विलक्षण म्हणजे दुसऱ्या कुणासारखं नसलेलं. अलौकिक देवादिकांकडे ठेवावं, मी कधी वापरत नाही. तर हे सगळे शब्द मला माहीत होते, हातात माइक होता, आणि तुला बघून मी त्यातले दोनच निवडले. अचाट आणि अफाट. मावशी म्हणून निवडले असते तर गोड म्हटलं असतं.

तिने विचारलं, “नक्की?”

म्हटलं, “मी दुकानदार बाई आहे. खोटा माल कधी विकला नाही.”

मग रडली. चांगली हुंदके देऊन रडली आणि मग दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

डिसेंबरात अंधेरीला स्पर्धा आहे. सर म्हणतात, आता सराव सुरू केला तर जमेल. तिला उतरायचं आहे. ती तुला विचारणार नाही, कारण तू उठून आत जाशील. म्हणून मी विचारते. जयू, जाऊ दे तिला. तुझ्या मनात माझ्याबद्दल काय असेल ते असू दे. मला आयुष्यभर ब्लॉक कर, पण पोरीला जाऊ दे.

कमल

घाटकोपर, १० नोव्हेंबर २०२४

जयू,

डबा मिळाला. निधी म्हणाली, “आईने दिलाय, काही विचारू नकोस असं सांगितलंय.” नाही विचारलं. वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याची आमटी होती. तुझ्या हातची आमटी कशी होती ते लिहायला हात शिवशिवतोय, पण तुझा जीव टांगणीला लागायचा, म्हणून एवढंच लिहिते की डबा मी चाटून धुतला.

तू तिला सरावाला सोडायला सुरुवात केलीस हे कळलं. मला काय वाटलं ते सांगण्याची सोय नाही, समजून घे. त्या दिवशी मी पद्मजाच्या दारात जाऊन नारळीभाताबद्दल सगळं खरं काय ते सांगून टाकलं. ऑगस्टातला भात आणि नोव्हेंबरात कौतुक. तिला आधी वाटलं मी भांडायला आले. मग पाणी दिलं, चहा दिला, आता रोज काहीतरी आणून देते.

तुझ्या अटी निधीने पाठ करून सांगितल्या. स्पर्धेला मी यायचं, पण मागच्या रांगेत बसायचं. माइकच्या आसपास फिरकायचं नाही. निधीच्या कानामागे काजळाचा ठिपका तू लावणार, पायात काळा दोरा तू बांधणार, त्यावर मी हसायचं नाही. आणि तिचं नाव पुकारल्यापासून ती खाली उतरेपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढायचा नाही.

सगळं कबूल. काजळाचं तर मला आधीपासूनच पटतं, कानामागचा ठिपका कुणाला दिसतो? तोंडाचंही जमवीन. सौरभ म्हणाला, “आई, तुला चिकटपट्टी आणून देऊ का?” तुझा भाचा तुझ्यावरच गेलाय.

एकच विचारायचं होतं. तू कुठे बसणार आहेस? पुढे, निलेशबरोबर ना? मी तुझ्या वाटेत येणार नाही, फक्त मागून तुझा अंबाडा दिसला तरी मला पुरे.

तुझी ताई,
कमल

घाटकोपर, १६ डिसेंबर २०२४

जयू,

काल घरी आल्यापासून तू दोनदा फोन केलास, आज सकाळी एकदा. आता पत्राची गरज नाही हे मलाही कळतं. तरी लिहितेय, कारण फोनवर तू लगेच विषय बदलतेस आणि कालचं मला बदलू द्यायचं नाही.

मी ठरल्याप्रमाणे मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. निलेश पुढे मोबाइल धरून उभा. तू दिसेनास म्हणून मी मान उंचावून शोधत होते, आणि तू येऊन माझ्याच शेजारी बसलीस. पर्स मांडीवर घेतलीस आणि समोर बघत राहिलीस. इतक्या महिन्यांनी तुझा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि मी अटी आठवून ओठ घट्ट मिटले.

निधीचं नाव पुकारलं. ती दोरीपाशी गेली, दोरीला नमस्कार केला. मी बाजूला बघते तर तुझी मान खाली, डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, गाऱ्हाणं घालतेस देवाला.

मग तू माझं मनगट धरलंस. “चढली का?”

मी गप्प. शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं ना.

“ताई, सांग ना गं. चढली का?”

“चढली,” मी म्हटलं. “तू बघत का नाहीस?”

“मला नाही बघवत. कधीच नाही बघितलं.”

मी विचारलं, माघी गणपतीला? तेव्हा तर तू पहिल्या रांगेत होतीस. तू डोळे न उघडताच म्हणालीस, “तेव्हा तू माइकवर होतीस ना. तू सांगत होतीस तेवढंच मला कळलं. माझी पोर काय करते ते मी तुझ्या तोंडूनच ऐकलंय.” आणि मग अगदी हळू म्हणालीस, “मुलुंडला सांगायला कुणी नव्हतं. मी तिथेच बसले होते डोळे मिटून. धपकन आवाज आला तेव्हा उघडले.”

जयू, हे तू इतके महिने एकटीच्या पोटात ठेवलंस. मला दोष दिलास ते बरं केलंस. कुणाला तरी द्यायलाच हवा होता, नाहीतर तू स्वतःला खाल्लं असतंस. माझ्या मनात आता त्याचा कणभरही राग नाही, हे तुला लेखी देते.

पण तेव्हा हे बोलायला वेळ नव्हता, पोर वर होती. मी सांगायला लागले. म्हटलं, अर्ध्यावर गेली. पायाला दोरीचा वेढा घेतला. बसली. मांडी घातली. आणि तू डोळे मिटूनच माझ्यावर वैतागलीस. म्हणालीस, “बातम्या दिल्यासारखं काय सांगतेस? माइकवर सांगायचीस तसं सांग.”

मग मी सांगितलं. माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, एका पंचाने हाताने शांत बसा म्हणून खूण केली, तरी मी थांबले नाही. म्हटलं, अगं मोडलेला हात तो हाच का, सगळा भार त्याच हातावर घेतलाय पोरीने. आता आडवी झाली, हवेत पाट टाकून निजल्यासारखी, आणि चेहऱ्यावर काय सुख आहे. अचाट पोर आहे तुझी. अफाट आहे. माझे केसही पिकलेत आणि मी असलं काही बघितलेलं नाही. तू माझं मनगट इतकं दाबलंस की आज तिथे निळं पडलंय. तुझे डोळे मिटलेले, आणि तू हसत होतीस.

मग ती उलटी झाली, जे माघी गणपतीला केलं होतं तेच, आणि एक हात सोडला, आणि मला पुढे बोलताच येईना. शब्द होते सगळे, पण एकही बाहेर पडेना. तू हलवलंस मला, “पुढे? ताई, पुढे काय?”

मी म्हटलं, “मला नाही गं सांगता येत. तूच बघ.”

आणि तू डोळे उघडलेस.

तिचा नंबर चौथा आला. विद्याधर सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघा. निलेश तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवतोय, मलाही आलाय, पण मी तो अजून लावलेला नाही. सौरभला सांगितलं, लावू नकोस. त्याचं कारण तुला सांगते. तू डोळे उघडलेस तेव्हा मी निधीकडे बघायचं सोडून तुझ्याकडे बघत बसले. लहानपणी जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघितला होतास, तेव्हा तुझं तोंड असंच उघडं राहिलं होतं. मला वाटलं, एवढंसं बघून लगेच वळते निधीकडे. पण वळलेच नाही. टाळ्या ऐकू आल्या तेव्हा पोर खाली उभी होती.

म्हणजे दोन्ही हात सोडले ते मी बघितलंच नाही, जयू. ते फक्त तू बघितलंस. रविवारी ये. मी स्वयंपाक करून ठेवते, पद्मजाही काहीतरी आणेलच. तू माझ्यासमोर बस आणि मला सांग, माझी भाची वर काय करत होती.

तुझी,
ताई